कॅनन, प्रक्षिप्त आणि पेन्सिल: तलावपाळीच्या कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी संध्याकाळी सहानंतर ठाण्यात तलावपाळीला, गडकरी रंगायतनच्या बाजूच्या कठड्यावर आठ-दहा माणसं एका वहीभोवती डोकी घालून भांडताना दिसली, तर ते आम्ही. विषय सुपरहिरो. कोण कोणाला हरवेल हा नाही, तो वाद आम्ही शाळेत संपवला. कोणती गोष्ट खरी धरायची, हा. नवीन माणूस आला की तेच ते प्रश्न येतात, निम्मा वेळ त्यात जातो आणि चहा गार होतो. वही माझ्याकडे असते, म्हणून उत्तरं लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. उत्तरं कट्ट्याची आहेत, तिरकस शेरे माझे.

कॅनन म्हणजे नक्की काय?

मूळ शब्द चर्चचा. बायबलमध्ये कोणते ग्रंथ अधिकृत धरायचे त्या यादीला कॅनन म्हणत. पुढे शेरलॉक होम्सच्या वाचकांनी तो उचलला: कॉनन डॉइलच्या ५६ कथा आणि ४ कादंबऱ्या एवढंच खरं, बाकीच्यांनी लिहिलेला होम्स उसना. तिथून तो कॉमिक्सवाल्यांकडे आला.

पण आपल्याला हा खेळ नवा नाही. एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती का? तोवर नकला करणाऱ्यांनी पाठ बिघडवून ठेवले होते म्हणून. आणि शेवटी बजावून ठेवलं, की यापुढे यात जो आपली ओवी घुसडेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे रिकामी करवंटी, ठेवली असं समजा. कॅननच्या दाराला इतकं सणसणीत कुलूप मार्व्हल या कॉमिक्स कंपनीलाही लावता आलेलं नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, ती १९६६ मध्ये पुरी झाली. शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली, मागाहून घुसलेले श्लोक तळटीपांत आणि परिशिष्टांत गेले. गणपतीने व्यासांचं महाभारत लिहून घेतलं ही गोष्टसुद्धा परिशिष्टात गेली. 'प्रक्षिप्त' हा शब्द आम्ही तिथूनच घेतला. वहीत ग्राह्य गोष्ट निळ्या शाईत लिहितो, प्रक्षिप्त लाल शाईत, आणि जिचा निकाल लागलेला नाही ती लटकलेली पेन्सिलीत.

कट्ट्याची कसोटी कोणती?

पुढच्या कथाकाराला जी गोष्ट टाळून जाता येत नाही, ती ग्राह्य. संपली कसोटी. कंपनीने शिक्का मारला का, दिग्दर्शक मुलाखतीत काय म्हणाला, हे पुरावे म्हणून चालतात, निकाल म्हणून नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कॅप्टन अमेरिकाचं आहे आणि ते मी प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. जुन्यांनी तेवढ्यात चहा सांगून यावा.

कॅप्टन १९४१ मध्ये आला, युद्धात हिटलरच्या माणसांना बडवायला. युद्ध संपलं, खप उतरला, पुस्तक बंद पडलं. १९५४ च्या सुमारास त्याला पुन्हा काढला, या वेळी शत्रू कम्युनिस्ट. तेही चाललं नाही. मग १९६४ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी अॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या टोळीच्या मासिकात, चौथ्या अंकात, तो बर्फात गोठलेला सापडल्याचं दाखवलं आणि सांगितलं, की हा १९४५ पासून बर्फातच होता. झालं! १९४५ पासून बर्फात, तर १९५४ मध्ये कम्युनिस्टांना कोण मारत होतं? कंपनीने त्या अंकांकडे सरळ पाठ फिरवली. आमच्या वहीच्या भाषेत, लाल शाई.

आणि १९७२ मध्ये स्टीव्ह एंगलहार्ट नावाच्या तरुण लेखकाने ते लाल पान उघडलं. त्याने सांगितलं, १९५० च्या दशकातला कॅप्टन खरा होता, फक्त तो स्टीव्ह रॉजर्स, म्हणजे मूळचा कॅप्टन, नव्हता. कॅप्टनच्या भक्तीने वेडा झालेला दुसराच माणूस. चेहरा बदलून घेतलेला, औषध अर्धवट टोचून घेतलेला, त्यामुळे डोक्यावर परिणाम होऊन जिकडे तिकडे शत्रू दिसू लागलेला. आता गंमत बघा. १९५४ चे अंक आधीही छापलेलेच होते, त्यांतला एक शब्द बदलला नाही. पण १९७२ नंतर ते ग्राह्य झाले, कारण एका कथेने त्यांच्यावर भार टाकला आणि त्यांनी तो पेलला. नंतरच्या लेखकांनाही तो वेडा कॅप्टन टाळता आला नाही. छापलं कधी आणि खरं कधी झालं यात अठरा वर्षांचं अंतर! कॅनन मागाहूनही लागू होतं, हे ज्याला पटत नाही त्याला आम्ही या अंकांची गोष्ट दोनदा सांगतो.

पण मालक तर कंपनी आहे. मग ती सांगेल ते खरं, नाही का?

कोणती कंपनी, आणि तिच्यातली कोणती चूल?

डिस्नेने मार्व्हल २००९ मध्ये विकत घेतली. पण स्पायडर-मॅनचे चित्रपटाचे हक्क सोनीकडे आधीपासूनच होते. म्हणजे एक मुलगा दोन घरांत वाढतोय. त्याहून मोठं त्रांगडं मार्व्हलच्या स्वतःच्या घरात होतं. सिनेमे करणारा स्टुडिओ वेगळा आणि मालिका करणारा टीव्ही विभाग वेगळा. २०१५ मध्ये सिनेमावाल्यांनी न्यूयॉर्कच्या जुन्या कारभाऱ्यांपासून फारकत घेतली आणि हिशेब थेट डिस्नेच्या स्टुडिओप्रमुखांना द्यायला लागले. टीव्ही विभाग जुन्या वाड्यातच राहिला. एका वाड्यात दोन चुली पेटल्यावर जे होतं तेच झालं. इकडचं वाढप तिकडे जाईना. शेवटी २०१९ च्या अखेरीस टीव्ही विभाग स्टुडिओत विलीन झाला.

कट्ट्यावरची निम्मी भांडणं या वाटणीतून आलेली आहेत. पडद्यावरच्या विश्वात काय घडलं याचा शोध घ्यायला जावं आणि हाती ऑफिसातली भाऊबंदकी लागावी, असं बऱ्याचदा होतं.

'एजंट्स ऑफ शील्ड' धरायची की नाही?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न. उत्तर: पेन्सिलीत.

मार्व्हलची ही टीव्ही मालिका २०१३ ते २०२० चालली, सात पर्वं. सुरुवात झकास होती. एप्रिल २०१४ मध्ये कॅप्टनच्या दुसऱ्या चित्रपटात शील्ड ही गुप्तहेर संघटना आतून हायड्रा या शत्रूच्या टोळीने पोखरली असल्याचं उघड झालं आणि लगोलग मालिकेतही तिचं छप्पर कोसळलं. याहून घट्ट नातं काय असतं? पण हे नातं एकतर्फी होतं. मालिका सिनेमाकडे बघायची, सिनेमा मालिकेकडे ढुंकूनही बघत नव्हता. शील्डचा एजंट फिल कोल्सन २०१२ च्या चित्रपटात मेला, मालिकेत जिवंत झाला, आणि अॅव्हेंजर्सना पुढे एकाही सिनेमात त्याचा पत्ता लागला नाही. पाचव्या पर्वात सिनेमातल्या थॅनोस या खलनायकाच्या स्वारीची कुजबुज ऐकू येते. सहाव्यात मात्र निम्मं विश्व राख झाल्याची खूण नाही. डार्कहोल्ड हा शापित ग्रंथ मालिकेत एका रूपात दिसतो आणि २०२१ च्या वांडाच्या मालिकेत भलत्याच.

ऐरोलीची ताई ठाणे-वाशी लोकलने येते आणि उतरल्या उतरल्या या मुद्द्यावर तावातावाने बोलू लागते. तिचं म्हणणं, सात पर्वं जीव लावून पाहिली त्यांना तुम्ही पेन्सिलीत कसं टाकता? मी म्हणतो, ताई, पेन्सिल म्हणजे अपमान नाही. लाल शाईपासून वाचवलंय ते. ती अजून पटवून घेत नाही. कसोटी लावायची तर 'एजंट कार्टर' या दुसऱ्या मालिकेतला बटलर जार्व्हिस मात्र निळ्या शाईत आहे. तोच नट घेऊन तो २०१९ च्या 'एंडगेम'मध्ये १९७० च्या प्रसंगात गाडीजवळ उभा दिसतो. चार सेकंदांचं काम, पण सिनेमाने मालिकेची दखल घेतली.

डेअरडेव्हिलच्या पानावर खाडाखोड का आहे?

ही माझी फजिती. आता सगळ्यांनाच माहीत आहे तर लिहूनच टाकतो.

नेटफ्लिक्सवरची डेअरडेव्हिल, म्हणजे आंधळ्या वकील-सुपरहिरोची, मालिका २०१५ मध्ये आली, २०१८ मध्ये बंद पडली. मी दुसऱ्याच रविवारी वही काढली, लाल पेनाने तिरपी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'मेली. पुन्हा येणार नाही.' कोणीतरी म्हणालं, थांब जरा. मी म्हटलं, आला तर सगळ्यांना वडापाव. १६ डिसेंबर २०२१ ला स्पायडर-मॅनचा 'नो वे होम' लागला, आपल्याकडे अमेरिकेच्या एक दिवस आधी. तोंडावर मास्क, चष्म्यावर वाफ. पीटरच्या, म्हणजे स्पायडर-मॅनच्या, घरात वकील बसलेला दाखवला, आंधळा, लाल चष्मा, आणि थिएटर उठलं. मला काही ऐकूच येईना. खिडकीतून वीट आली आणि त्याने न बघता हातात झेलली. बाजूच्या खुर्चीवरून एक हात माझ्या खांद्यावर आला आणि कानात शब्द आले, "नऊ वडापाव. चटणी जास्त."

पण इथेच खरा वाद सुरू झाला. नट तोच, नाव तेच, म्हणून जुनी तिन्ही पर्वं ग्राह्य झाली का? घोडबंदरचे काका म्हणाले, नाही, माणूस आला म्हणजे त्याचा संसार आला असं नाही. ते बरोबर होतं. नुसतं दर्शन म्हणजे दखल नव्हे. आम्ही पान लालवरून पेन्सिलीत आणलं. जानेवारी २०२४ मध्ये डिस्नेच्या अॅपवर जुन्या मालिका कालक्रमात बसवल्या, तरी काका हलले नाहीत. ती कपाटातली मांडणी आहे म्हणाले. मार्च २०२५ मध्ये नवी मालिका आली, तिच्या पहिल्याच भागात जुन्या मालिकेतल्या फॉगीच्या, म्हणजे डेअरडेव्हिलच्या जिवलग मित्राच्या, मरणाने सगळं कथानक हललं. प्रेक्षकाला फॉगी कोण हे माहीत नसेल तर तो धक्का बसतच नाही. त्या रात्री काकांनी स्वतः निळं पेन मागून घेतलं. तीन रंगांचं असं पान वहीत एकच आहे.

दिग्दर्शक आणि लेखक यांच्यातच एकमत नसेल तर?

'एंडगेम'च्या शेवटी भूतकाळात गेलेला कॅप्टन, स्टीव्ह, म्हातारा होऊन तळ्याकाठच्या बाकावर बसलेला दिसतो. (तळ्याकाठी बसायची अक्कल त्यालाही होती.) तो इतकी वर्षं होता कुठे? लेखक मार्कस आणि मॅकफीली म्हणतात, याच काळात, जुनी प्रेयसी पेगी हिचा नवरा म्हणून गुपचूप. दिग्दर्शक रूसो बंधू म्हणतात, छे, वेगळ्या काळशाखेत जगला आणि परत आला. आईबापांचंच जमत नसेल तर बारशाला नाव काय पुकारायचं?

आमचा नियम: पडद्यावर दिसलं ते निळं, तोंडी सांगितलं ते पेन्सिलीत. तो यंत्राच्या चौथऱ्यावर परत आला नाही आणि बाकावर आधीच बसलेला होता, एवढंच निळं. त्यावरून लेखकांचं पारडं जड वाटतं, पण ढाल? ती तर थॅनोसने फोडली होती, मग त्याने मित्राला, सॅमला, दिलेली अखंड ढाल आली कुठून? ती दुसऱ्या शाखेतून आणली असेल तर दिग्दर्शक बरोबर. हा वाद २०१९ पासून चालू आहे आणि मला तो मिटायला नको आहे.

सिनेमातल्या ढळढळीत चुकाही ग्राह्य?

हो, पण त्यांचं स्पष्टीकरण देता आलं तर पाकीट मिळतं.

स्पायडर-मॅनच्या २०१७ च्या 'होमकमिंग'मध्ये न्यूयॉर्कच्या लढाईनंतर पडद्यावर अक्षरं येतात: आठ वर्षांनंतर. लढाई २०१२ ची, म्हणजे गोष्ट २०२० ची. पण त्याआधी घडलेला 'सिव्हिल वॉर' २०१६ चा, आणि दोन्हींमध्ये काही महिन्यांचंच अंतर. गणित चुकलं. नंतरच्या अधिकृत कालक्रमाने तो आकडा झटकून टाकला.

जुन्या मार्व्हलकडे याच्यावर सुंदर इलाज होता. वाचकाने अंकातली चूक दाखवली आणि ती चूक का नाही हेही पटवलं, की स्टॅन ली त्याला 'नो-प्राइझ' जाहीर करायचा. १९६७ च्या सुमारास ते टपालाने यायला लागलं. पाकिटावर अभिनंदन छापलेलं, आत काहीच नाही. रिकामं! आम्हीही ती प्रथा पाळतो. गोखले रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानातून लग्नाच्या आहेराची पाकिटं आणली आहेत, एक रुपयाचं नाणं चिकटवलेली. नाणं काढून घेतो आणि देतो.

नट बदलला तर पात्र बदललं का?

नाही. रंगायतनच्या सावलीत बसून हा प्रश्न विचारू नये. आपल्या नाटकांत मुख्य भूमिकेतला माणूस बदलतो, पाटीवर नवं नाव लागतं, प्रयोग चालू राहतो. नॉर्टनचा हल्क रफेलोने पुढे नेला. पुढचा प्रश्न.

डीसीवाले सारखं पहिल्यापासून सुरू करतात, त्यांचं काय धरायचं?

नौपाड्यात राहणाऱ्याला हे एका वाक्यात कळतं. डीसी, म्हणजे सुपरमॅन-बॅटमॅनची कंपनी, पुनर्विकास करते, मार्व्हल वाढीव बांधकाम करते.

मार्व्हलची इमारत १९६१ ची. वर मजले चढतात, बाल्कन्या बंदिस्त होतात, तळमजल्याला भेगा जातात, पण पाडत सहसा नाहीत. डीसीत १९६१ मध्येच दोन फ्लॅश समोरासमोर आणले आणि जुन्याला राहायला दुसरी पृथ्वी काढून दिली. पृथ्व्या वाढत गेल्या, हिशेब लागेना, तेव्हा १९८५-८६ मध्ये बारा अंकांच्या एका महासंकटात सगळ्या पाडून एकच बांधली. २०११ मध्ये पुन्हा सगळ्या मासिकांना क्रमांक एक. दर वेळी जुने सभासद परत येतात, कोणाची खोली लहान होते, कोणाचं नाव यादीत सापडत नाही, आणि दहा वर्षांनी कोणीतरी जुनी कागदपत्रं घेऊन उभा राहतो.

सिनेमातही तेच. २०१३ पासूनचं विश्व डिसेंबर २०२३ मध्ये संपलं, जेम्स गन आणि पीटर सॅफ्रन यांनी नवं उभारलं. पण 'पीसमेकर' हा गनचाच जुना भाडेकरू. त्याच्या २०२२ च्या पहिल्या पर्वाच्या शेवटी जस्टिस लीग, सुपरमॅन वगैरेंची टोळी, येऊन उभी राहते, आणि ती तर जुन्या इमारतीतली! २०२५ मध्ये दुसरं पर्व आलं तेव्हा सुरुवातीच्या 'मागील भागात' त्या जागी नवी जस्टिस गँग दिसली. बाकी सगळं फर्निचर तसंच, एक भिंत फक्त पाडून पुन्हा बांधली. प्रक्षिप्त काढण्याचं इतकं उघड काम मी दुसरं पाहिलेलं नाही. एकनाथांनी केलं तर शुद्धीकरण, गनने केलं तर फसवणूक, असं म्हणणारे कट्ट्यावर दोघं आहेत. त्यांना मी उत्तर देत नाही.

बाहेरून आलेलं पात्र घरचं होऊ शकतं?

सर्रास. सुपरमॅनला नामोहरम करणारा क्रिप्टोनाइट पुस्तकात आधी आलाच नाही, तो १९४३ मध्ये रेडिओवरच्या मालिकेत आला. हार्ली क्विन १९९२ मध्ये बॅटमॅनच्या कार्टूनमध्ये जोकरची साथीदार म्हणून आली आणि १९९९ मध्ये मुख्य कॉमिक्सच्या घरात राहायला गेली. आज तिच्याशिवाय गोष्ट सांगून दाखवा.

आपल्या पवित्र प्रभाकरचं काय?

तो २००४ मध्ये भारतात छापलेल्या चार अंकांतून आला, धोतर नेसलेला स्पायडर-मॅन. खेड्यातून मुंबईत शिकायला आलेला गरीब मुलगा, एका योग्याने शक्ती दिलेली. २०२३ च्या 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'मध्ये तो मुंबॅटन या काल्पनिक शहरात उड्या मारतो, केस झकास आहेत, आणि 'चाय टी' म्हणणाऱ्याला झापतो. दोन्ही ग्राह्य, दोन पृथ्व्यांवर.

तो सिनेमा आपल्याकडे दहा भाषांत लागला, त्यांत मराठीही होती. मी मराठीतूनच पाहिला आणि भाचीलाही नेलं. त्याची गोष्टच कॅननवर आहे. प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना घडल्याच पाहिजेत, नाही घडल्या तर विश्व फाटतं, असं मिगेल, त्या सगळ्या स्पायडर-मॅनचा म्होरक्या, सांगतो. सिनेमाचा नायक माइल्स पवित्रच्या मुंबॅटनमध्येच इन्स्पेक्टर सिंगना वाचवतो आणि जमीन खचू लागते. भाची बाहेर येऊन म्हणाली, "मामा, म्हणजे तो दाढीवाला तुझ्यासारखा वही घेऊन बसतो?" मिगेलला दाढी नाही. मला आहे.

नागराज, ध्रुव यांना कट्ट्यावर जागा आहे?

आहे, शेवटच्या वीस पानांत. राज कॉमिक्सच्या हिंदी पुस्तकांतले हे नायक. नागराज १९८६ चा, सुपर कमांडो ध्रुव १९८७ चा, दोघं एकाच विश्वात भेटतात. पुढे प्रकाशनाच्या वाटण्या झाल्या आणि तेच नायक वेगवेगळ्या भावांच्या नावाखाली छापले जाऊ लागले. त्या पानांसाठी जाणकार हवा आहे. असाल तर या.

मला जे खरं वाटतं ते मी मानलं तर चालेल?

घरी खुशाल माना. गणपती परिशिष्टात गेला म्हणून कोणत्या आजीने ती गोष्ट सांगायची थांबवली? फक्त कट्ट्यावर ते पुरावा म्हणून पुढे करू नका.

येताना काय आणायचं?

पावसाळ्यात छत्री, वहीसाठी. खोडरबर आणा, कट्ट्याचं सारखं हरवतं.

शेवटचं पान कोरं का आहे?

ते डूमचं. रॉबर्ट डाउनी, म्हणजे आयर्न मॅन टोनी स्टार्कचाच चेहरा, डॉक्टर डूम हा खलनायक होऊन येणार असं जुलै २०२४ मध्ये जाहीर झालं. तो टोनीचा कोणी लागतो की नुसता तोंडवळा, यावर दोन रविवार गेले. काका म्हणतात योगायोग, ताई म्हणते दुसऱ्या पृथ्वीवरचा टोनी. पानाच्या डोक्यावर त्या सिनेमाची जाहीर झालेली तारीख लिहिली आहे, १८ डिसेंबर २०२६. तिच्या खाली मी पैज लावलेली नाही. काकांनी लावली आहे, बारा वडापाव, आणि सही केली आहे निळ्या शाईत.